घुंगुरटं, नर, मृत

"हे चारही चपटे झालेत," म्हणत डॉक्टर शंकररावांनी काचेची नळी उजेडात धरली. "याला सॅम्पल म्हणतात का, संताजी भिया? चटणी वाटून आणली तुम्ही."

सिरपूरच्या तलावावर उठतात ते डास नव्हेत, घुंगुरटी आहेत, चावत नाहीत, असं संताजीनं परत सांगितलं. बसलेला डास मागचे पाय उचलतो, घुंगुरटं पुढचे. नमस्काराला हात उचलावेत तसे. डॉक्टरांनी ऐकून घेतलं.

"बात सही असेल. पण कागदाला नमुना लागतो. शनिवारपर्यंत एक तरी साबूत आणा. नाहीतर सोमवारी तलावावर तेल."

तेल पडलं की अळ्या मरणार, आणि घुंगुरटी संपली की त्यांच्यासाठी वर येणारे मासेही. संताजीला आता त्या तलावाखेरीज दुसरं कुणी नव्हतं.

या हिवताप खात्यात तो आला तोही एका शब्दापायी. होळकर दरबारात वीस वर्षं तो सरदार नानासाहेबांच्या मासे धरायच्या गळाला माश्या बांधत असे. रेशमाच्या, पिसांच्या, पाण्यावरच्या किड्यांची हुबेहूब नक्कल, मासा फसावा म्हणून. संस्थान मध्यभारतात विलीन झालं तेव्हा कामाच्या रकान्यात त्यानं 'माश्या' एवढंच लिहिलं. नव्या राज्यानं विचारपूर्वक त्याला माश्या-डास मारायला नेमलं. कचेरीत माश्या सगळेच मारत. लेखी हुकमानं मारणारा तो एकटा.

दोन दिवस वारा सुटला. पाण्यावर एक घुंगुरटं उठेना. शुक्रवारी दुपारी संताजीनं फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. भानुमती गेल्यापासून तो उघडला नव्हता. 'घरभर पिसं करू नका' म्हणणारी बायको नसली की पिसांत गंमत राहत नाही.

अंगाला काळं रेशीम, पंखांना लसणीची साल, डोक्यावर नराला असतो तसा बारीक पिसारा. पायांना मात्र काही जुळेना. शेवटी आरशासमोर उभं राहून त्यानं स्वतःच्या मिशीचे सहा केस कापले. पणजोबांनी फौजेत मिरवलेली मिशी ती. इतक्या वर्षांनी कुठं कामी आली. पुढचे दोन पाय त्यानं वर उचलून बसवले. गळ लावला नाही.

शनिवारी डॉक्टरांनी भिंग लावलं.

"पुढचे पाय वर. सोंड नाही. हम्म." डॉक्टरांनी भिंग आणखी जवळ नेलं. "पाय जरा जाड आहेत हो."

"तलावाची हवा, साहेब."

डॉक्टरांनी रजिस्टरात लिहिलं: घुंगुरटं, नर, मृत. फवारणीची गरज नाही. नमुना खोटा होता, साक्ष खरी होती.

संताजी तडक निघाला. ही गोष्ट कुणाला सांगण्यासारखी नव्हती, आणि ज्यांना सांगावी असे एकच होते. वीस वर्षं नानासाहेब त्याची प्रत्येक माशी तळहातावर घेऊन तेच बोलत आले: "छान आहे रे, पण जिवंत वाटत नाही." मागच्या दसऱ्याला ते गेले, मत न बदलता.

वारा पडला होता. तलावाच्या पायरीवर संताजी बसला, डावीकडची, नानासाहेब गळ टाकून बसत ती कोरडी जागा नेहमीप्रमाणे सोडून. पाण्यावरून घुंगुरटी उठू लागली होती.

"साहेब," तो म्हणाला, "डॉक्टरांनी मृत म्हणून लिहिलंय."

मग त्यानं त्या मोकळ्या जागेवरची धूळ हातानं झटकली.