सलग तीन वर्षं

जाहिरात आली तेव्हा बाळ तिच्या मांडीवर पेंगत होतं, एका मुठीत तिची बाही घट्ट धरून. मोकळ्या हाताने तिने फोन उघडला आणि पहिल्याच ओळीला तिला हसू फुटलं. आली एकदाची! अभिलेखागाराच्या पत्रप्रकल्पात पाच वर्षांची एक जागा. एकच. सहा-सहा महिन्यांचे करार करकरून सगळे जिच्याकडे डोळे लावून बसले होते, ती. या महिनाअखेरीस जुने करार संपणार होते आणि ज्याला ही जागा मिळेल तो सोडून बाकीच्यांनी घरी जायचं होतं.

मग ती पात्रतेवर आली आणि पाचव्या अटीपाशी तिचा अंगठा थबकला.

'जाहिरातीच्या तारखेआधीची सलग तीन वर्षं अशा प्रकारचं काम केलेलं असावं. त्यात एका महिन्याहून मोठा खंड नसावा.'

बाळाच्या वेळी ती आठ महिने घरी होती. कंत्राटी माणसाला कसली आलीय रजा? करार संपवायचा, परत आलं की नवा करायचा. म्हणजे खंडच. आणि ही अट दुसऱ्या कुणी नाही, तिनेच लिहिली होती.

काम होतं जुन्या पत्रांचं. शंभर वर्षांपूर्वी परमुलखात नोकरीला गेलेल्या परिचारिकांनी घरी लिहिलेली चार हजार पत्रं. प्रत्येक पत्र दोघींनी वेगवेगळं टाईप करायचं, एकमेकींचं न बघता. नावं, गावं, आजार यांना खुणा लावायच्या, म्हणजे उद्या एखाद्या अभ्यासकाने 'ताप' शोधला की चार हजार पत्रांतला ताप त्याच्यासमोर यावा. मग संगणक दोन्ही प्रती शेजारी ठेवून फरक दाखवणार आणि दोघी त्यावर भांडणार. तिची जोडीदारीण म्हणजे मुंगी. हे नाव सगळ्या खोलीने मिळून ठेवलेलं. बाई एकदा खाली मान घालून बसली की जेवायलाच वर करायची. सहा वर्षं दोघी समोरासमोर बसल्या. एकीच्या डब्यातलं दुसरीने न विचारता खावं, इतकं सख्य.

साडेतीन वर्षांपूर्वी सरांनी अनुदानाचा अर्ज लिहायचं काम तिच्याकडे दिलं. अर्जातच नव्या जागेच्या अटी मांडायच्या होत्या. मुंगी तेव्हा वडिलांच्या आजारपणात तीन आठवड्यांपासून दवाखान्यात बसून होती आणि लवकर परतायची चिन्हं नव्हती. एका दुपारी हिच्या मनात आलं, जागा एक आणि माणसं दोन. तिने 'तीन वर्षांचा अनुभव' खोडलं नाही, फक्त त्याच्याआधी 'सलग' घातलं आणि खंडाचं वाक्य जोडलं. तेवढंच. कुणाच्या पोटावर पाय दिल्यासारखं तिला तेव्हा वाटलंच नाही. आपण आपल्यासाठी दार जरा ओढून घेतोय, इतकंच वाटलं.

पण अनुदान मिळालं नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा तोच अर्ज, पुन्हा नकार. तिसऱ्या खेपेला तिला दिवस गेले होते, सकाळी उलट्या, दुपारी ग्लानी. तारीख बदलून तिने अर्ज तसाच्या तसा पाठवून दिला. आणि नेमका तोच मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी बाळाला छातीशी बांधून ती सरांच्या खोलीत गेली.

"अरे वा, धाकट्या संशोधक आल्या!" सरांनी बाळाच्या नाकाला बोट लावलं. तिने अट पुढे केली. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"मंजूर मजकुरातला आता स्वल्पविरामसुद्धा हलवता येत नाही हो. आणि खरं सांगू? परीक्षकांनी या अटीचं वेगळं कौतुक केलंय. फार नेमकं लिहिलंय म्हणाले. तुमचंच ना?"

"माझंच."

"बघा." ते मनापासून खूश दिसले. मग तिचा चेहरा पाहून जरा ओशाळले. "एक पळवाट आहे. अटीत बसणारा एकही अर्ज आला नाही, तर आपल्याला अट सैल करायची परवानगी मागता येते. बाहेरून कोण येणार या कामाला? राहता राहिली तुमची मैत्रीण. तिने अर्ज केला नाही तर... पण ते तुमचं तुम्ही बघा. मी या भानगडीत नाही."

मुंगी जागेवरच होती. बाळाला बघून तिने खुर्ची मागे ढकलली, हात पुढे केले, आणि ते लबाड एरवी कुणाकडे जायचं नाही ते तिच्याकडे झेपावलं.

"ये गं माझी साय! बघ, दात आलाय! अगं, सांगितलं नाहीस मला."

"काल दिसला." ती समोरच्या खुर्चीत टेकली. "तुझ्याशी बोलायचं होतं. त्या जागेबद्दल."

"बोल ना."

"तू एकटी आहेस. म्हणजे तसं नव्हे... तुला कुठेही जाता येईल. माझं आता या शहराबाहेर काही जमायचं नाही. नवऱ्याची नोकरी ही अशी, त्यात हे बाळ. तू या वेळी अर्ज नाही केलास तर अट सैल होईल. मी पुढे तुझ्यासाठी काहीही करेन गं. शप्पथ."

मुंगीने बाळाला एका मांडीवर घेतलं, दुसऱ्या हाताने काहीतरी उघडलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. प्रकल्पाचं सामायिक दप्तर. इथल्या प्रत्येक कागदाला इतिहास होता. कुणी कोणती ओळ कधी बदलली ते संगणक टिपून ठेवायचा आणि प्रत्येक बदलाची सूचना सगळ्यांना जायची. पत्रांसाठी केलेली सोय. तिने सवयीने अर्जही तिथेच लिहिला होता.

पडद्यावर तिचं नाव होतं. तारीख. दुपारचे दोन चाळीस. हिरव्या रंगात, नवा घातलेला शब्द: सलग.

"मला सूचना दवाखान्यात आली," मुंगी म्हणाली. आवाज नेहमीचा, पत्रातला फरक दाखवताना असतो तसा. "बाबांचा एक्स-रे चालू होता, मी बाहेर बाकावर. वाचलं. आणि तीन दहाला तुझा फोन आला. बाबा कसे आहेत गं, जेवलीस का? आठवतं?"

तिला आठवत होतं.

"महिना भरायच्या आत, सोमवारी मी कामावर हजर झाले. बाबांजवळ एक बाई ठेवली. त्यांना ती आवडायची नाही, माझं नाव घेत राहायचे म्हणे. पाच आठवड्यांनी गेले. तेव्हा मी इथे चारशे बारावं पत्र टाईप करत होते. निरोप आला तरी पुरं केलं. त्या पत्रात तुझ्यामाझ्यात एकसुद्धा फरक निघाला नाही."

"तू बोलली का नाहीस? तेव्हाच भांडायचंस!"

"भांडून काय? नियम तू केलास. मी पाळला."

"आणि मला म्हणालीस, चार महिन्यांत कशाला येतेस, पूर्ण आठ महिने घे. बाळ पुन्हा लहान होणार नाही म्हणालीस!"

"मग? झालं का पुन्हा लहान?" मुंगीने बाळाच्या टाळूवर ओठ टेकवले. "बाळासाठी चांगलंच सांगितलं मी. बघ किती गुटगुटीत झालंय."

ती उठली. बाळ घ्यायला हात पुढे केले.

"थांब, एक काम आहे," मुंगी म्हणाली. "अर्जासोबत माझ्या अचूकपणाबद्दल एक पत्र हवंय. माझी प्रत जिने तपासलीय तिचंच चालतं, आणि तशी तू एकटीच आहेस. तुझा करार महिनाअखेरपर्यंत आहे, म्हणजे तुझी सही धरतील. लिहितेस?"

"मी? मी लिहू?"

"वाईट लिहिलंस तरी चालेल. पण ते संगणकाच्या आकड्यांशी ताडून बघतात. खोटं निघालं तर उद्या तासाच्या हिशेबाचं कामसुद्धा तुला कुणी देणार नाही. ते काम माझ्याच हातात असणार आहे. मला तुलाच द्यायचंय ते. तुझ्याइतकं चांगलं कोण करतं?"

यात टोमणा नव्हता. तेच तिला सहन होईना.

तिने सरांच्या बंद दाराकडे पाहिलं. घरचा विचार केला. नवरा काल झोपेत पुटपुटल्यासारखा म्हणाला होता, तुझ्या जागेचं झालं की मी रात्रीची दुसरी पाळी सोडतो. मग ती आपल्या खुर्चीत बसली आणि लिहू लागली. सहा वर्षं मी यांच्यासोबत काम केलं आहे. यांच्या कामात कधीही चालढकल आढळली नाही. सगळं खरं होतं. एक शब्द खोटा घालायला जागा नव्हती. मुंगी बाळाला कडेवर थोपटत तिच्यामागे उभी राहून खांद्यावरून वाचत होती.

बाळ कुरकुरलं. दुधाची वेळ झाली होती. तिची छाती भरून आली, कुडता ओला झाला. तिने हात पुढे केला.

"तू आधी पुरं कर," मुंगी म्हणाली. "मी बघते हिच्याकडे. शेवटच्या ओळीत 'अत्यंत' दोनदा आलंय, एक काढ."

तिने एक काढलं.