मास्तरांचं ताट

मास्तरांनी आयुष्यभर लोकांना एकच गोष्ट शिकवली: सगळ्यांनी एका पंगतीत बसावं आणि उठताना स्वतःचं नव्हे, शेजाऱ्याचं ताट घासावं. शेजारी कोण, हे विचारायचं नाही. सुरुवातीला बड्या मंडळींनी नाकं मुरडली. पुढे मास्तर गेले आणि तीच मंडळी स्मारक समितीवर आली. नाकं तीच, फक्त आता तसबिरीपुढे नम्रपणे झुकू लागली.

मास्तरांनी काढलेल्या भोजनगृहाचे कोठीवाले काका मात्र होते तिथेच होते. रोज दुपारी हमाल, शिंपी, कारकून, कुणीही येऊन जेवे आणि काकांचा जीव त्या पंगतीत अडकलेला. समितीच्या अध्यक्षांनी नेमकी तीच उठवायचं ठरवलं. भोजनगृहाच्या जागी संग्रहालय, आणि मधोमध काचेच्या पेटीत मास्तरांचं ताट.

काकांनी समजावून पाहिलं की मास्तरांचं असं वेगळं ताट नव्हतंच. साठ ताटं, सगळी एका साच्यातली, ज्याच्या हाती जे लागेल ते त्याचं. अध्यक्षांना हे म्हातारपणाचं लक्षण वाटलं. शेवटी काकांनी ढिगातलं सर्वांत वरचं ताट काढून दिलं. ते हातात घेताच अध्यक्षांचे डोळे भरून आले. काकांचेही आले, पण कारण वेगळं होतं.

उद्घाटनाच्या दिवशी शेवटची पंगत बसली. ताट पाहुण्यांच्या हस्ते पेटीत जायचं होतं, म्हणून अध्यक्षांनी ते आपल्या जेवणाच्या ताटाशेजारीच ठेवलं होतं. जेवण उरकून ते भाषणाला उठले. शेजारी धोबीणमावशी बसल्या होत्या. शेजारचा उठला की त्याच्यापुढचं उचलायचं, ही त्यांच्या हाताची तीस वर्षांची सवय. त्यांनी दोन्ही ताटं उचलली, घासली आणि ढिगात पालथी घातली.

भाषण संपवून अध्यक्ष वळून बघतात तो ताट गायब.

"घासलं की," मावशी म्हणाल्या. "एक तर कोरडंच होतं. म्हटलं, साहेबांचं पोट बरं नसेल."

अध्यक्षांनी ढीग वरखाली केला. मग हळूच काकांच्या कानाशी आले.

"काका, यातलं मास्तरांचं कोणतं?"

पुन्हा वरचंच उचलून दिलं असतं तरी चाललं असतं. पण पंगत राहते की जाते, ते आता याच उत्तरावर होतं. शिवाय खरं बोलून काम होत असेल तर काका खोट्याच्या वाटेला जात नसत.

"यातलंच एक आहे साहेब. पण कोणतं, ते खुद्द मास्तरांनाही सांगता आलं नसतं."

पाहुणे खोळंबले होते. पेटीत साठ ताटं मावत नव्हती. अध्यक्ष मुरलेले गृहस्थ; त्यांनी घसा साफ करून जाहीर केलं की मास्तरांचं ताट कोंडून ठेवणं समितीला मुळातच मान्य नाही, ते रोज घासलं गेलं पाहिजे, सबब भोजनगृह चालू राहील. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात काकांच्या.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष जेवायला हजर. काकांनी त्यांना आपल्या शेजारी बसवलं. उठताना त्यांनी काकांचं ताट उचललं, उजेडात धरून निरखलं आणि न जाणो, तेच असेल म्हणून दोनदा घासलं.

काचेच्या पेटीत काकांनी साखर ठेवली आहे. मुंग्या लागत नाहीत.