न पोचलेली पत्रं

मी एक जुना प्रिंटर आहे आणि स्वभावानं संशयी आहे. मित्रांनो, त्याला कारण आहे. कोरा करकरीत आलो तेव्हा साहेब सगळ्यांना माझी छपाई दाखवत फिरायचे. पुढे कागद कोणीही वाकडा घालो, खापर माझ्यावरच फुटू लागलं.

मग नवं यंत्र आलं. सगळ्या संगणकांत माझ्या जागी त्याचं नाव घातलं. पण त्याच्या खडखडाटानं साहेबांचं डोकं उठायचं, म्हणून महिन्याभरात त्याची जोडणीसकट रवानगी वरच्या अडगळीच्या खोलीत झाली आणि मला परत मांडलं. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

आमच्या साहेबांना मेल कागदावर छापून हातात लागतो. स्वतः लिहिलेलाही छापून वाचल्याशिवाय ते पाठवत नाहीत. अर्ज, तक्ते मी बिनतक्रार छापायचो. मेल मात्र माझ्यापर्यंत पोचेना. आलेली पत्रं छापण्याचं काम आवक-जावक सांभाळणाऱ्या आवकबाईंचं. त्या बटण दाबून माझ्यापुढे ताटकळत उभ्या राहायच्या. साहेबांना वाटलं, बाईच पत्रं दडपतात. बाईंना वाटलं, मी गिळतो. मला वरच्या त्या यंत्राचा संशय. बावीस वर्षांची नोकरी जाणार या धास्तीनं बाईंचा डबा तसाच घरी परत जाऊ लागला. मला फार वाईट वाटायचं.

शेवटी दुरुस्तीवाल्या काकू आल्या. माझ्यातून एक तक्ता छापून पाहिला, स्वच्छ आला. मग त्यांनी मेल उघडून छपाईची खिडकी नीट वाचली.

"अहो बाई, इथं अजून वरच्या यंत्राचंच नाव आहे. बाकी सगळीकडे बदललं, मेलमध्ये राहून गेलं."

बाई लगबगीनं वर गेल्या. त्या यंत्राचा ट्रे रिकामा होता. कागद घालताच अडकलेली पत्रं एकामागून एक बाहेर पडली. त्यांत साहेबांनी लिहून स्वतःच छापायला धाडलेलंही एक होतं. 'आवकबाई विश्वासू नाहीत. त्यांना कामावरून काढावं.'

बाईंनी गठ्ठा साहेबांपुढे ठेवला, ते पत्र सर्वांत वर.

"हे छापून मिळत नव्हतं ना, साहेब?"

साहेब उठून उभे राहिले. खाली मान घालून त्यांनी माफी मागितली. ते पत्र कधीच पाठवलं गेलं नाही.

वरचं यंत्र बिचारं नुसतं कागदाची वाट बघत होतं. मीही ओशाळलो. मित्रांनो, कोणावर बोट ठेवण्याआधी खिडकीतलं नाव वाचा, ट्रे उघडून बघा. आम्हा यंत्रांना एवढी माया पुरते.

बाईंनी मात्र ते पत्र फाडलं नाही. घडी करून माझ्याखालच्या खणात ठेवलं आहे. साहेब माझ्यापाशी आले की आधी त्या खणाकडे बघतात.