कोड अप्पांकडे जातो

माझा ईमेल उघडायचा म्हणजे अप्पांना फोन लावायचा. त्याचं असं झालं, इकडे परदेशात यायचं ठरलं तेव्हा जो तो म्हणाला, तिकडे आपलं सिम चालत नाही. म्हणून ते अप्पांच्या मोबाइलमध्ये टाकून आलो. आता मेलवाल्यांना तोच नंबर माहीत. इकडून मेल उघडायला गेलं की ते म्हणणार, ओळखलं नाही तुम्हाला, कोड पाठवलाय. कोड जाणार अप्पांकडे. अप्पा एकेक आकडा चघळत सांगणार. सात म्हणायचे, मग नळाला पाणी कमी येतंय, मग चार, मग नीट जेवतोस ना. तोवर कोडची मुदत संपायची. परत मागवा. माझ्या खोलीतला लांब्या म्हणायचा, तुझ्या म्हाताऱ्याला मेलचं काही पडलेलं नाही, तुला बोलत ठेवायचंय.

मग एका सकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. अप्पा झोपेतच गेले.

मला काही झालंच नाही. खरं सांगतो. चहा निम्मा प्यायलो होतो, उरलेला प्यायलो. मग आमच्या लॉन्ड्रीच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाई भल्या. संध्याकाळच्या विमानाचं तिकीट तिथल्या तिथे काढून हातात दिलं. घरी कळवलं, उद्या सकाळी पोचतो, तोवर अप्पांना ठेवा. फक्त देशाबाहेर जायचा परवाना तेवढा मेलवर येणार होता. तो दाखवल्याशिवाय विमानतळावर सोडत नाहीत. म्हटलं, बाई, इथंच छापून द्या की. तर तो थेट माझ्याच मेलवर जातो, त्यांना दिसतसुद्धा नाही. मग लांब्याच्या मेलवर पाठवा म्हटलं. त्या म्हणाल्या, चालेल, पण तसा अर्ज तुमच्या मेलवरून करा.

खोलीवर येऊन मेल लावला. कोड पाठवलाय. धाकटीला फोन केला. अप्पांचा मोबाइल उशीखाली सापडला, पण त्याला कुलूप. मेसेज आल्याचं दिसतं, आकडे दिसत नाहीत. अप्पा अंगठ्याने उघडायचे. मी आपला परत परत कोड मागवतोय, ती मनाला येतील ते आकडे दाबून बघतेय. मागे मामा कोणाला तरी खुर्च्या सरकवायला सांगत होते. मग धाकटीचा आवाज खाली आला.

"दादा, अप्पांचा अंगठा लावून बघू?"

"लाव."

मोबाइल घेऊन अप्पांपाशी गेली. मग म्हणाली, घेत नाहीये. ओढणीने पुसून परत लावला. दुसऱ्या हाताचाही लावला. गार अंगठा ते यंत्र धरतच नाही.

लांब्या कामावर जायला बूट घालत होता. म्हणाला, अरे येड्यांनो, सिम काढा ना बाहेर. एवढं आमच्या डोक्यात आलं नव्हतं. धाकटीने कानातल्याच्या तारेने सिम उचकटलं, स्वतःच्या मोबाइलमध्ये घातलं. मी कोड मागवला. पडद्यावर आलं, तुम्ही फार वेळा कोड मागितलात, उद्या या.

ऑफिस बंद झालं होतं. विमानाची वेळही टळली. धाकटीचा परत फोन.

"मामा विचारतायत, अजून किती थांबायचं?"

"नका थांबू. उरकून घ्या."

"आणि तू?"

"मी आहे इथे."

दुसऱ्या दिवशी खोलीत करायचं काय, म्हणून कामावर गेलो. लॉन्ड्रीच्या दाराला कार्ड लावलं तर लाल दिवा. सुपरवायझरने कॉम्प्युटरमध्ये बघितलं. म्हणाला, तू कालपासून सुट्टीवर आहेस, देशाबाहेर गेलायस.

"साहेब, मी तर तुमच्यासमोर उभा आहे."

"ते दिसतंय मला. पण आत घेता येत नाही. गेलो नाही म्हणून तुझ्या मेलवरून कळव, मग बघू."

भांडावंसंही वाटलं नाही, परत कोड मागवावासाही नाही. दाराशी बाक आहे, त्यावर बसलो. आत इस्त्रीच्या मोठ्या मशीनवर माझ्या जागी लांब्या उभा होता. चादर ओली आत जायची, कडक होऊन बाहेर यायची, दोघं जण चारी टोकं धरून घडी घालायचे. मग पुढची. दारातून वाफ अंगावर येत होती. जेवायची घंटा झाली, सगळे उठून गेले, मशीन थांबलं. मी बसून होतो.