मोठ्या डोंगरासाठी राखलेला बूट

मित्रांनो, मी एक जुना डोंगरी बूट आहे, आणि तोही डाव्या पायाचा. उजवा माझ्या शेजारीच बसला आहे, पण तो भारी थंड स्वभावाचा. त्याला बोलतं करायचं म्हणजे इथेच संध्याकाळ व्हायची. म्हणून आमच्या दोघांची गोष्ट मीच सांगतो. जरा भरभर सांगतो, कारण मला एका जागी फार वेळ बसवत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जाड चामडं कापलं, दुहेरी टाके घातले आणि खाली नक्षीदार तळ गरम दाबून चिकटवला. तळाला खोल खाचा होत्या. निसरड्या दगडावर पाय घट्ट रोवला जावा म्हणून त्या असतात. तपासणाऱ्या बाईंनी मला हातात घेऊन वाकवलं, उलटं केलं आणि म्हणाल्या, "हा चालेल." मला वाटलं, झालं! आता निघालो. कसलं काय! मला खोक्यात घातलं आणि तिथून दुकानाच्या फळीवर नेऊन बसवलं. लोक यायचे, आम्हाला पायात घालून आरशासमोर चार पावलं टाकायचे आणि परत ठेवून द्यायचे. प्रत्येक वेळी मला आशा लागायची आणि प्रत्येक वेळी तोंडचा घास जायचा.

मग एक दिवस आमची आई, म्हणजे आमची मालकीण, दुकानात आली. तिच्या टाचेला पट्टी होती आणि चेहरा मात्र लग्नाला निघाल्यासारखा फुलला होता. ती शिवणकाम करायची. दिवसभर मशीनवर बसून तिची पाठ धरायची. तिची नणंद शाळेत खेळाची शिक्षिका होती, गळ्यात सदैव शिट्टी. त्या वन्संनी तिला आदल्या दिवशी ओढून एका टेकडीवर नेलं होतं. अर्ध्या वाटेत आईच्या चपलेचा पट्टा तुटला, टाच सोलली, तरी बाई वर पोहोचली, आणि आता पुन्हा जायचं म्हणून हटून बसली होती.

सोबत बाबा होते. ते बस दुरुस्त करायचे, त्यामुळे त्यांची नखं कायम काळी. "दुरून डोंगर साजरे, असं शहाणी माणसं उगाच म्हणत नाहीत," असं ते दुकानभर सांगत होते. पण तोंडाने कुरकुरत त्यांनीच खाली बसून आईचा अंगठा दाबून पाहिला, आमचा तळ ठोकून पाहिला आणि स्वस्तातली जोडी बाजूला सारून आम्हाला उचललं.

पहिल्या रविवारची ती सकाळ मी जन्मात विसरणार नाही. दव पडलेलं गवत, मग मुरूम, मग पायाखाली सरकणारे बारीक खडे. आई घाबरली की पायाची बोटं आत आवळायची. मला ते कळायचं. मी खाचा रोवून धरायचो आणि तिची बोटं हळूहळू सैल व्हायची. आई मलाच म्हणायची, "धर बाबा, सोडू नकोस." तिची लेक पुढे पळत होती. तिला घरात सगळे भिंगरी म्हणत, आणि ते नाव तिला अगदी शोभत होतं. माथ्यावर पोहोचल्यावर मायलेकी घामाने निथळत एकमेकींकडे बघून खदखदा हसल्या. बाबा मात्र खालीच चहाच्या टपरीवर वर्तमानपत्र उघडून बसले होते.

त्या माथ्यावरून समोर एक मोठा डोंगर दिसत होता, टोकाशी उघडा कातळ असलेला. भिंगरीने बोट दाखवलं. "आई, तिथे जायचं?"

"जायचं," आई म्हणाली. "तू आणि मी. वर उभं राहून इकडे बघायचं."

मित्रांनो, तेव्हापासून मला दुसरं काही सुचेना.

पुढचे काही महिने फार मजेत गेले. बाबांना टपरीवरचा चहा पुरेना. एकदा ते "जरा त्या वळणापर्यंत येतो" म्हणून उठले आणि थेट माथ्यावर येऊन ठेपले. त्यानंतर रविवारी सगळ्यांच्या आधी तेच उठायचे. वन्संची शिट्टी पुढे आणि बाबांची बडबड मागे, अशी आमची वरात निघायची. पाठीच्या दुखण्याचं नावही आईच्या तोंडी येईनासं झालं.

पण एका रविवारी घरी आल्यावर आई जुन्या दातांच्या ब्रशने माझा चिखल काढत होती, तेव्हा तिला माझ्या टाचेची एक खाच झिजलेली दिसली. तिचा चेहरा एवढासा झाला. "इतके चांगले बूट," ती म्हणाली, "असेच टेकड्यांवर घासून संपवायचे? मोठ्या डोंगराच्या वेळी काय घालू?"

झालं. आमच्या पोटात कागदाचे बोळे गेले. वरून प्लास्टिकची पिशवी, तिला दोन गाठी, मग खोकं आणि मग माळा. टेकड्यांसाठी आईने साधे कापडी बूट घेतले.

कोणी पाहुणे आले की आई कौतुकाने आम्हाला खाली काढायची. "एकदम नवे वाटतात की!" पाहुणे म्हणायचे. आई खूश. पुन्हा दोन गाठी. उजव्याला ते कौतुक आवडायचं. माझ्या मात्र अंगाची आग व्हायची. दर रविवारी माळ्याखाली बाटल्या भरल्याचा आवाज यायचा, डब्यांची झाकणं वाजायची, भिंगरी ओरडायची, "बाबा, चला ना!" दार बंद व्हायचं. मग दिवसभर चिडीचूप. मी पिशवीत तळमळत पडायचो. अरे, मला पाय दिले नाहीत, निदान पायात तरी घाला!

आणि मोठ्या डोंगराचं काय झालं? तो पुढच्या वर्षावर गेला. एकदा आईकडे शिवणाची घाई, एकदा बाबांना सुट्टी नाही, एकदा वन्संचा हात मोडला. पुढचं वर्ष आलं की त्याचंही पुढचं वर्ष व्हायचं. इकडे बंद पिशवीत माझा तळ आतून पिठूळ होत चालला होता. वरून चामडं मात्र चकचकीत. कोणाला कळणार?

मग भिंगरीला नोकरी लागली, समुद्रापलीकडे, फार लांब. आठवड्याने निघायचं होतं. सामान बांधता बांधता ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "आई, तो डोंगर राहिलाच की गं." आई तशीच उठली. ती स्टूल घेऊन आली आणि तिने आम्हाला खाली काढलं.

त्या दिवशी आम्ही निघालो, तेव्हा माझ्या आनंदाला पारावार नव्हता. पण पहिल्या चढालाच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. खडा टोचला की आत काहीतरी चुरत होतं. मी दात-ओठ खाऊन धरून राहिलो. शेवटच्या कातळाच्या खाली आईने जोर लावून पाय उचलला आणि माझा तळ फाटकन सुटून जिभेसारखा लोंबायला लागला. पाठोपाठ उजव्याचाही गेला.

आईला आधी कळेचना. "अहो, नवे आहेत हो हे! एक ओरखडा नाही यांच्यावर!"

वन्संनी तळ बोटांनी चुरून पाहिला. "वहिनी, तेच तर झालं. हे वापरले असते तर अजून टिकले असते. पडून पडून सडले गं."

आई तिथेच दगडावर बसली आणि रडायला लागली. "माझीच हौस मला नडली. पोर आता जाणार, आणि मी इथपर्यंत येऊन..." भिंगरी तिचा हात धरून म्हणत होती, "राहू दे आई, इथवर आलो ना आपण." बाबांनी पिशवीतून तार काढली. वन्संनी मान हलवली. कातळावर असले बांधलेले बूट चालणार नाहीत, म्हणाल्या. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

तेवढ्यात बाबा खाली बसले आणि स्वतःचे बूट काढू लागले. "हे घाल. मोजेही घाल दोन-दोन, म्हणजे निसटणार नाहीत."

"आणि तुम्ही?"

"माझा गुडघा सकाळपासून कुरकुरतोय. मला कुठे वर जायची हौस आहे!"

"खोटं बोलताय," आई म्हणाली.

"बरं, बोलतोय. जा आता, ऊन चढतंय."

त्या तिघी वर गेल्या. बाबा अनवाणी, आम्हाला मांडीवर घेऊन बसले आणि तारेने आमचे तळ आवळू लागले, निदान खालच्या सोप्या वाटेपुरते तरी टिकावेत म्हणून. त्यांची नजर मात्र हातातल्या कामावर नव्हती. ते आणि मी, दोघेही वरच बघत होतो. बऱ्याच वेळाने कातळाच्या टोकावर तीन ठिपके उभे राहिले आणि हात हलवायला लागले. बाबा उठून उभे राहिले, लहान मुलासारखे ओरडले, मग शर्टाच्या बाहीने डोळे पुसून पुन्हा खाली बसले. वर काय दिसतं ते त्यांनाही कळलं नाही आणि मलाही.

भिंगरी गेली. घर खायला उठलं. आईने आम्हाला मोच्याकडे नेलं. "तळ नवा घालतो, पण ताई, आता यांना कोंडून ठेवू नका," तो म्हणाला. मित्रांनो, त्या दिवसापासून मी भाजी आणायला जातो, दुकानात जातो, चिखलात जातो. माझा नवा तळ रोज थोडा झिजतो आहे आणि मला फार बरं वाटतं आहे. तुमच्याही घरात चांगल्या दिवसासाठी काही बांधून ठेवलं असेल, तर त्याच्या गाठी सोडा. आम्ही वापराने झिजतो, पण पडून राहिलो तर मरतो.

आज सकाळी आईने माझी लेस बांधली आणि ती बाबांसमोर जाऊन उभी राहिली. "उठा. तुमचा माथा राहिलाय."

बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "जाऊ की. पुढच्या रविवारी..."

आईने पेपर ओढून घेतला आणि त्यांचे बूट त्यांच्यासमोर ठेवले. "पुढच्या नाही. आत्ता."