कमरेएवढ्या पाण्यातली होडी

मी एक शिडाची होडी बोलतेय. पालथी पडलेय, म्हणून आवाज जरा दबका येईल. पण जे सांगतेय ते सगळं माझ्या अंगावर घडलेलं आहे.

वाशीम जिल्ह्यात शिडाची होडी म्हटलं की लोक हसतात. समुद्र कुठे, आम्ही कुठे! पण कामरगावच्या पलीकडे धरणाचं पाणी दोन टेकड्यांमधून लांबवर पसरलंय, आणि त्या खिंडीतून वारा येतो तेव्हा काठावरच्या तुराट्या उडून जातात. त्या वाऱ्यावर आमचं पोट चालायचं.

माझा जन्म रामरावांच्या अंगणातला. शेताच्या खालच्या अंगाला पाणी आलं, तसे रामराव सोयाबीन पेरता पेरता मासेही धरू लागले. बांधावरचा आंबा वठला होता. त्याच्या फळ्या निघाल्या, बाभळीच्या फासळ्या झाल्या. फटींमध्ये कापूस कोंबून वरून डांबर ओतलं. तो कापूस कस्तुराबाईंनी, म्हणजे रामरावांच्या बायकोनं, मांडीवर वळून दिला होता. पुढे दोघं मिळूनच माझ्यात बसायची. ते जाळं टाकायचे, त्या वल्हं मारायच्या. घरात फारसं न बोलणारी ती माणसं पाण्यावर आली की खूप बोलायची.

शीड आणलं ते गोविंदसिंगनं. तो समोरच्या काठावरच्या बंजारा तांड्यातला. दिवाळी झाली की कोकणात जायचा आणि मच्छीमारांच्या होड्यांवर मजुरी करायचा. गुडघे गेले तेव्हा कायमचा घरी आला, आणि इथल्या पाण्यावर शीड लावून वल्हं न मारता आरपार गेला. दोन-तीन वर्षांत सगळ्यांच्याच होड्यांवर शिडं आली. कापड कुठलं, जुने फ्लेक्स. माझ्या शिडावर कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. वारा भरला की त्याचे गाल फुगायचे आणि कस्तुराबाई तोंडाला पदर लावून हसायच्या.

पावसाळ्यात मासे अंड्यांवर येतात, म्हणून मासेमारी बंद. मग आम्हा सगळ्या होड्यांना काठावरच्या लिंबाखाली ओढून ठेवत. त्याच बंदीत एक दिवस सगळे होडीवाले जमायचे. आमंत्रण नसायचं. सतीश नावाचा एकजण मोबाइलवर नुसता आपल्या होडीचा फोटो टाकायचा, की बाकीचे समजायचे. भाकरी, ठेचा घरून यायचा, चहा तिथेच चुलीवर. कुणी काय नवं केलं ते दाखवायचं, एवढंच काम. सतीशनं कडेला ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबा बांधल्या होत्या. सेवादास नावाच्या दुसऱ्या होडीवाल्यानं तळाला पत्रा मारला होता. बैलबाजारात बैल पाहावा तसे ते आमच्याभोवती फिरायचे, थोपटायचे, वाकून पाहायचे. मला ते आवडायचं. एरवी आमच्याकडे एवढं कोण पाहतं?

एका वर्षी त्या दिवशी गोविंदसिंग माझ्यापाशी थांबला. म्हणाला, "रामरावभाऊ, इचं आंग मजबूत हाय. शीड लहान पडून राह्यलं."

दुपारपर्यंत त्यानं नवी, उंच डोलकाठी उभी केली. दोन फ्लेक्स जोडून मोठं शीड शिवलं. आतापर्यंत शिडाचा दोर कस्तुराबाई हातात धरून बसायच्या, वारा जास्त झाला की सैल सोडायच्या. गोविंदसिंगनं तो बसायच्या आडव्या फळीला करकचून बांधून टाकला. जाळं ओढायला दोन्ही हात मोकळे राहतील, असं त्याचं म्हणणं.

"दोर हातात असला म्हंजे वारा कळते, भाऊजी," कस्तुराबाई म्हणाल्या.

पण तेव्हा सगळे शिडाकडे पाहत होते. वाऱ्यानं ते भरलं तेव्हा मी जमिनीवर असूनही हलले. सेवादासनं तिथल्या तिथे आपलाही दोर तसाच बांधून घेतला.

बंदी उठली. कस्तुराबाईंची कंबर धरली होती, म्हणून रामरावांच्या जोडीला गोविंदसिंगचा मुलगा बादल येऊ लागला. चांगला धिप्पाड, मिशीवाला गडी. दरसाल तोही बाहेर कामाला जायचा. या साली इथंच धंदा बरा होतोय म्हणून तो थांबला होता, आणि त्याची आई भुरीबाई त्या आनंदात काठावर येऊन दोघांना डबा द्यायची. पोरगं बारा महिने घरी जेवणार, हे ती दिसेल त्याला सांगायची.

परतीचा पाऊस होता. दुपारी खिंडीच्या तोंडाशी आभाळ काळं झालं. रामराव म्हणाले, चल, निघू. जाळं अर्धं पाण्यात होतं, तेवढं ओढून घेऊ म्हणून बादल थांबला. तेवढ्यात वारा आला. माझी एक कड पाण्याला लागली. शीड सोडलं असतं तर मी उभी राहिले असते. बादलनं जाळं टाकून दोराला हात घातला. भिजलेली गाठ दगडासारखी झाली होती. तो नखांनी उकलत होता, मग दातांनी. रामराव ओरडत होते, "सोड, बादल, उडी मार." तो गाठच धरून बसला.

मी पालथी झाले.

रामराव माझ्या पाठीवर चढले. बादल शिडाखाली गेला. कापड असतं तर कदाचित फाटलं असतं. फ्लेक्स फाटला नाही. तो पाण्यावर झाकणासारखा पसरला आणि खालून काही वेळ हात लागत होते. मला ते हात कळत होते. मग कळेनासे झाले.

लोकांनी आम्हाला काठाला आणलं. भुरीबाई रडली नाही. मुलाच्या हाताची बोटं पाहत बसली. नखं उखडली होती.

रामराव त्यानंतर पाण्यात उतरले नाहीत. कस्तुराबाई तांड्यावर जायच्या. भुरीबाई त्यांना पाणी द्यायची, बसायला घोंगडी टाकायची, पण बोलायची नाही.

पुढच्या बंदीत सतीशनं फोटो टाकला नाही. कुणाची हिंमत होणार? पण एक दिवस गोविंदसिंग स्वतः घरोघर गेला. "उद्या लिंबाखाली या," एवढंच म्हणाला. सगळे आले. चूल पेटली नाही. त्याच्या मागून भुरीबाईही आली आणि दूर उभी राहिली.

गोविंदसिंगनं रामरावांना विचारून मला सरळ केलं. तीच डोलकाठी, तेच शीड. कमरेएवढ्या पाण्यात मला नेलं, दोर पहिल्यासारखाच बांधला, पाण्यानं भिजवला आणि सेवादासला आत बसवलं. वारा भरला, मी कलले. "आता सोड," तो म्हणाला. सेवादास गाठीशी झगडला, आणि मी पुन्हा पालथी झाले. सेवादास खोकत उभा राहिला. कुणी हसलं नाही.

मग गोविंदसिंगनं वेगळी गाठ मारली. पक्की, पण एक टोक मोकळं. वारा भरला, मी कलले, सेवादासनं ते टोक ओढलं. दोर सुटला, शीड फडफडलं आणि मी उभी राहिले. मग त्यानं एकेकाला आत बसवून ती गाठ मारायला लावली, सोडायला लावली. सतीशला जमेना, तर त्याचे हात हातात धरून शिकवली. त्यानं एकालाही सोडलं नाही.

सगळ्यांचं झाल्यावर भुरीबाई पाण्याच्या कडेला आली. वर्षभरात लोकांनी तिचा आवाज ऐकला नव्हता.

"हे गाठ तुमाले तवा येत होती?"

गोविंदसिंग पाण्यात उभा होता. त्याला नाही म्हणता आलं असतं. कोकणातल्या कुणीतरी परवा शिकवली, असं सांगता आलं असतं.

"येत होती," तो म्हणाला.

भुरीबाईनं मान हलवली. जणू रस्ता विचारला होता आणि कुणी सांगितला. मग ती वळली आणि तांड्याकडे चालू लागली. तो तिच्या मागे गेला नाही. कस्तुराबाई तिच्याबरोबर गेल्या, दोन पावलं मागून.

आता भुरीबाई अनसिंगला भावाकडे असते. परत आली नाही. गोविंदसिंग एकटाच स्वयंपाक करून खातो. रामरावांनी मला त्याच्या हवाली केलं. लोकांना वाटलं, तो मला जाळेल. त्यानं जाळलं नाही आणि माझ्यातून मासेही धरले नाहीत. दर बंदीत होडीवाले जमतात, चूल पुन्हा पेटू लागली आहे, नव्या युक्त्या दाखवल्या जातात. पण त्याआधी मला कमरेएवढ्या पाण्यात ओढतात आणि बुडवतात. नव्यानं होडी घेतलेल्या प्रत्येकाला गोविंदसिंग माझ्यात बसवतो. एवढंच काम मला उरलं आहे.

फळ्या आता मऊ पडल्यात. फार बंद्या निघणार नाहीत माझ्याकडून. तुम्ही कधी आमच्या काठाला आलात तर माझी कीव करू नका, फोटोही काढू नका. पाण्यात उतरा, आत बसा, आणि ते टोक एकदा स्वतःच्या हातानं ओढून बघा. मला पुन्हा कुणाची नखं नकोत.