मेडशीचा तवा

मंगरूळपीरच्या चंपालाल शेटांचं कापडाचं दुकान होतं, पण अकोल्यापर्यंत लोक त्यांना ओळखत ते कापडामुळे नव्हे. अकोल्याच्या एका साप्ताहिकात ते दर पंधरवड्याला ग्रामोफोनच्या नव्या तबकड्यांवर लिहीत. तबकडीला तिकडे सगळे तवाच म्हणत, म्हणून सदराचं नावही ‘नवे तवे’ होतं. गाण्याचं शिक्षण त्यांनी कुठे घेतलं नव्हतं. पण कान तयार होता आणि जीभ तिखट. त्यांनी बरं म्हटलेला तवा अकोल्याच्या दुकानात आठवड्यात संपे. त्यांनी नाक मुरडलेला तवा धूळ खात पडे.

१९५९च्या डिसेंबरात संपादकांचं पत्र आलं. दहा वर्षं सरत आली, तर या दहा वर्षांतले तुमचे सर्वांत आवडते दहा तवे कोणते, ते कारणांसह लिहून पाठवा, नव्या वर्षाच्या अंकात छापतो, असं त्यात होतं.

पत्र वाचून शेट खूश झाले. त्या दिवशी दुपारीच मुनिमावर दुकान सोडून ते घरी आले आणि माडीवरची लाकडी पेटी उघडून बसले. सव्वादोनशे तवे होते, प्रत्येक कागदी पिशवीत, पिशवीवर खरेदीची तारीख. एकेक काढत ते गालीच्यावर मांडू लागले. एका म्हाताऱ्या गवयाचा मारवा तर हवाच होता. दम पुरत नव्हता त्या माणसाचा, पण जिथे दम पुरत नव्हता तिथेच तो सुंदर थांबत होता. एका सनईवाल्याची भैरवी. एक सिनेमातलं गाणं, तेही फक्त मधल्या सारंगीच्या एका तुकड्यासाठी. गाणारी बाई तिथे श्वास घेते आणि सारंगी तिची वाट पाहते, असं शेटांचं मत होतं. ते मत त्यांनी तीन वेळा छापूनही आणलं होतं.

पाच-सहा तवे बाजूला निघाले आणि मग त्यांच्या हाताला एक जुनी पिशवी लागली. तारीख १९५२ची. आतला तवा काढून त्यांनी खिडकीच्या उजेडात तिरपा धरला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

नवा तवा काळा कुळकुळीत असतो. पोलादी सुई फिरून फिरून त्याच्या रेघा झिजतात आणि तो राखेसारखा करडा पडत जातो. शेटांच्या लाडक्या मारव्यालाही इतका करडेपणा आला नव्हता. हा तवा दोन्ही बाजूंनी पार पांढरट झाला होता. शंभरदा नव्हे, पाचशेदा वाजल्यासारखा.

आणि शेटांनी तो आयुष्यात दोनदाच वाजवला होता.

त्यांनी लेबल वाचलं. ‘सोनीबाई, मेडशी. बंजारा गीत.’ मुंबईच्या कुठल्याशा लहान कंपनीने काढलेला तवा. त्यावर आपण काय लिहिलं होतं, तेही त्यांना आठवलं: ‘शब्द कळत नाहीत. पेटी एकीकडे, गाणारी दुसरीकडे. दुसऱ्या बाजूचा शेवट तर इतका घाईत उरकला आहे की बाईंना मोटार गाठायची होती की काय! हा तवा घेऊ नये.’

त्यांनी खाली हाक मारली. “अवो, जरा वर ये बरं.”

कंचनबाई पदराला हात पुसत वर आल्या. नवऱ्याच्या हातातला तवा पाहून त्या दारातच थांबल्या.

“हा कोनं वाजवला एवढा?”

“मी,” कंचनबाई म्हणाल्या.

“तू?” वीस वर्षांच्या संसारात ही बाई गाण्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. ते तवा लावत तेव्हा ती खाली भाजी निवडत असे. “कवा वाजवते?”

“दुपारी. तुमी दुकानात, पोरं शाळेत. आता त पोरं अकोल्याच्या बोर्डिंगात हाय, मंग काय, रोजच.”

“अन् सुया?”

“तुमी डबीच्या डबी आनता. मोजता थोडीच?”

शेटांना हसू आलं. मग थोडा रागही आला, पण तो लटका होता. “सव्वादोनशे तवे हाय घरात. एकापेक्षा एक गवई. अन् तुले हाच सापडला? मी पेपरात लिवलं होतं, घेऊ नका म्हनून.”

“वाचलं होतं मी,” कंचनबाई म्हणाल्या आणि गालीच्याच्या कडेला बसल्या. “तुमाले शबुद समजले नाई. मले समजले.”

शेटांचं घराणं चार पिढ्यांपासून वऱ्हाडात होतं. त्यांच्या घरातली मारवाडी कधीच आटून गेली होती. पण कंचनबाई राजस्थानातल्या नागौरकडच्या खेड्यातून पंधराव्या वर्षी लग्न होऊन आल्या होत्या. बंजाऱ्यांची बोली त्यांच्या माहेरच्या बोलीची लांबची बहीण. बाजारात तांड्यावरच्या बाया आपसांत बोलत तेव्हा कंचनबाईंचे कान टवकारत, हे शेटांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

“ते ढावलो हाय,” त्या सांगू लागल्या. “पोरगी सासरी निंघते तवा घरच्या एकेकाच्या गळ्यात पडून गाते. पहिल्या बाजूले बापाच्या गळ्यात पडते. दुसऱ्या बाजूले भावाच्या. अन् मंग मायची पाळी येते, त निस्त्या दोन ओळी. धावत धावत. तुमी घाई झाली म्हनून लिवलं. घाई कायची झाली, ते नाई इचारलं.”

शेटांनी चावी भरली, नवी सुई बसवली आणि तवा लावला. खरखर आता गाण्याइतकीच मोठी झाली होती. पण आवाज तिच्यामागून येत होता, उघडा, रुंद, कुणाची पर्वा नसलेला. पहिली बाजू संपली. दुसरी लावली. भावाचा भाग आला, तो संथ होता. मग एकाएकी बाई पळू लागली, पेटी तिच्यामागे धडपडली आणि तवा संपला.

“माय एवढ्यात उरकत नसते,” कंचनबाई म्हणाल्या. “मले सात वर्सं झाले वाटून राह्यलं, त्या बाईले जाऊन इचारावं, मायचं काय झालं म्हनून.”

“मंग सांगितलं काहून नाई?”

“तुमी हसले असते.”

हसलो असतो, हे शेटांना पटलं. ते म्हणाले, “रविवारी मेडशीले जाऊ.”

रविवारी पहाटेच्या मोटारीने दोघं निघाली. नवरा-बायको अशी दोघंच, लग्न किंवा मयत नसताना, कधी कुठे गेली नव्हती. कंचनबाईंनी पुऱ्या, लोणचं आणि जैनाघरच्या रीतीने तांब्यात घरचं गाळलेलं पाणी घेतलं होतं. शेलूबाजार गेलं, मालेगावला मोटार बदलली आणि दहाच्या सुमाराला दोघं मेडशीला उतरली. सोनीबाई कुठे राहते, हे हॉटेलवाल्याने लगेच सांगितलं. गावाबाहेर मैलभरावर तांडा होता.

तांड्याच्या तोंडाशीच एक उंच, पिकल्या मिशांचा माणूस तुरीच्या काड्या बांधत होता. तोच सोनीबाईचा भाऊ, भाऊसिंग. पाहुणे गाण्याच्या तव्यासाठी आलेत हे ऐकून त्याने काम सोडलं, घरापुढे बाज टाकली आणि बहिणीला हाक मारली.

सोनीबाई पन्नाशीची असावी. हातभर बलोया, म्हणजे पांढऱ्या बांगड्या, कपाळावर घाम, कमरेला वेचलेल्या कापसाची ओटी. ओटी सोडून तिने ती कोपऱ्यात ठेवली आणि पाहुण्यांकडे रोखून पाहिलं.

“कंपनीचे हाय का तुमी?”

“नाई नाई,” शेट म्हणाले. “आमी मंगरूळचे.”

“मंगरूळचे?” सोनीबाई हसली. “मंगरूळचा एक शेट हाय म्हन्तात. त्यानं पेपरात लिवलं होतं, हा तवा घेऊ नका. कंपनीच्या एजंटनं मले वाचून दाखोलं. मंग कंपनीनं काही बलावलं नाई.”

शेटांनी वाटेत बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. आता ते सगळं विसरलं. आपल्या लिहिण्याने तवे दुकानात पडून राहतात, याचा त्यांना आजवर थोडा अभिमानच होता. त्या तव्यापलीकडे कापूस वेचणारी एक बाई असते, हे डोक्यात आलं नव्हतं.

“तो शेट मीच,” ते म्हणाले.

भाऊसिंगने मान वळवून पाहिलं.

“तुमाले आमची बोली समजते का?” सोनीबाईने विचारलं.

“नाई.”

“मंग काय कराल तुमी तरी,” ती म्हणाली. “पन एक सांगा. पेटी वाईट वाजली, असं लिवलं होतं ना?”

“हो.”

“ते बराबर लिवलं. तो पेटीवाला कंपनीचा. मी नोको म्हनून राह्यली, ढावलोले पेटी नसते. आयकलंच नाई कोनी.”

भाऊसिंग मोठ्याने हसला. मग कंचनबाई पुढे सरकल्या. त्यांनी आपल्या माहेरच्या बोलीत काहीतरी विचारलं. सोनीबाईने चमकून पाहिलं आणि आपल्या बोलीत उत्तर दिलं. एकीचे काही शब्द दुसरीला अडत होते. मग हातवारे होत, हसणं होई, पुन्हा गाडी पुढे जाई. शेटांना त्यातलं ‘माय’ तेवढं कळत होतं. सोनीबाईने गुळाचा कोरा चहा आणला. कंचनबाई बाहेर कुठे पाण्याचा घोट घेत नसत, पण तो चहा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

बोलता बोलता सोनीबाई शेटांकडे वळली. “ह्या इचारून राह्यल्या, मायले काहून घाई केली. तिथं एक लाल दिवा होता, भाऊ. दिवा लागला की थांबा म्हने. तीनच मिन्टं. आमच्यात पोरगी बापाच्याच गळ्यात पाव घंटा रडते. मी बापाले बसोलं एका बाजूत, भावाले बसोलं दुसऱ्या बाजूत, अन् मायसाठी तोंड उघडते त दिवा लागला. मंग धावली मी. दोन ओळी तरी राहू द्या म्हटलं. मायले तसंच कसं सोडावं?”

शेटांनी खिशातून वही काढली होती, पण लिहिलं काहीच नाही.

“ते मायचं आज म्हना ना,” कंचनबाई म्हणाल्या.

“असं बसून नाई होत ते. कोनाच्या तरी गळ्यात पडा लागते. कंपनीत मले लोखंडाच्या खांबापुढं उभं केलं होतं. त्या खांबाले बाप समजून गायली मी.” सोनीबाई उठली. “तुमी या इकडं.”

कंचनबाई उठून उभ्या राहिल्या. सोनीबाईने त्यांच्या गळ्यात दोन्ही हात टाकले, कपाळ खांद्यावर टेकवलं आणि गायला सुरुवात केली.

तव्यावरचा आवाज आणि हा आवाज यांत फार अंतर होतं. वय झालं होतं, वरचा स्वर फाटत होता. फाटला तिथे ती थांबे, हुंदका देई आणि खालून पुन्हा चढे. हुंदका खरा की गाण्यातला, ते चंपालाल शेटांसारख्या कानालाही सांगता आलं नाही. शेजारच्या दोन बाया येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावले. गाणं चाललंच होतं. कंचनबाई आधी ताठ उभ्या होत्या. मग त्यांचे हात हळूहळू वर आले आणि सोनीबाईच्या पाठीवर टेकले. त्यांची आई नागौरला वारली तेव्हा तार चार दिवसांनी पोचली होती. त्या गेल्याच नव्हत्या. शेटांना ते आठवलं आणि त्यांनी तुरीच्या काड्यांकडे तोंड फिरवलं.

गाणं संपल्यावर सोनीबाईने आधी कंचनबाईंचे डोळे पुसले, मग आपले. “आता झालं मायचं,” ती म्हणाली.

दिवस मावळायच्या आत घरी जेवण व्हायचं होतं म्हणून दोघं तीनच्या मोटारीने परत निघाली. मोटारीत शेटांनी विचारलं, “काय होतं मायच्या भागात?”

कंचनबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. “मोटारीत नाई सांगता येत,” त्या म्हणाल्या. “घरी सांगीन.”

घरी त्यांनी सांगितलं, ओळ न् ओळ. शेटांनी लिहून घेतलं.

बाकीचे नऊ तवे शेटांनी दोन बैठकांत लिहून काढले. मेडशीच्या तव्याला आठ दिवस लागले. तो त्यांनी पहिल्या क्रमांकावर घातला. १९५२ साली आपण काय लिहिलं, ते जसंच्या तसं उतरवलं आणि खाली लिहिलं: ‘हे मी लिहिलं तेव्हा मला शब्द कळत नव्हते आणि मी कुणाला विचारलं नाही. शेवटची घाई हा दोष नाही. तीन मिनिटांत आई मावत नव्हती, म्हणून गाणारीने तिला धावत का होईना, आत घेतलं. माझ्या घरात हा तवा सात वर्षं वाजत होता. वाजवणाऱ्या व्यक्तीचा कान माझ्यापेक्षा बरा आहे. तिचं नाव कंचनबाई.’

संपादकांचं उलट पत्र आलं. लेख उत्तम, पण पहिला तवा आता बाजारात मिळत नाही, वाचक नाराज होतील, तेवढा बदलून द्यावा. शेटांनी कार्डावर उत्तर लिहिलं: ‘आपण आवडता विचारला होता, मिळणारा नव्हे.’ लेख जसाच्या तसा छापून आला. कामरगावच्या एका मास्तरांनी ‘शेट आता बायकोच्या कानाने ऐकू लागले’ असं खवचट पत्र पाठवलं. शेटांनी ते कंचनबाईंना वाचून दाखवलं आणि दोघं हसली. दुसऱ्या तिघा-चौघांनी मात्र तवा कुठे मिळेल म्हणून विचारलं. शेटांनी ती पत्रं कंपनीकडे धाडून दिली, सोबत आपलंही एक जोडून. कंपनीचं काही उत्तर आलं नाही.

फाल्गुनात सोनीबाई भाऊसिंगला घेऊन मंगरूळला आली. तिने आपला तवा कधी ऐकलाच नव्हता. माडीवर गालीच्याच्या मधोमध बसून, हनुवटीला हात लावून तिने दोन्ही बाजू ऐकल्या.

“आवाज माहाच हाय,” ती म्हणाली, “पन हे बाई लई तरनी हाय. अन् त्या पेटीवाल्याले कोनी तरी हाकला.”

शेटांनी तिला आपला मारवा लावून दाखवला. तिने तो अर्धा ऐकला आणि विचारलं, “ह्याच्या घरचं कोन गेलं?” मारव्यावर शेटांनी चार लेख लिहिले होते. त्यांतल्या एकातही हे आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोटार सुटायची वेळ झाली तरी दोघी बायांचं बोलणं संपेना. भाऊसिंग आत जागा धरून बसला होता. ड्रायव्हरने दोनदा भोंगा वाजवला. शेट सोनीबाईचं गाठोडं हातात घेऊन पायरीशी उभे होते. कंचनबाई तिचा हात धरून त्या दोघींच्या बोलीत भराभर काही सांगत होत्या.

“थांबा हो दोन मिन्टं,” शेट ड्रायव्हरला म्हणाले. “त्याइचं होऊ द्या.”